टिलरींच्या घरचं उत्तर

त्या रविवारी झायन चर्चमध्ये पाद्रीबाबांचं प्रवचन कुणी ऐकलं नाही, आणि पाद्रीबाबांनाही त्याचं वाईट वाटलं नाही. अँब्रोज टिलरी निळ्या गणवेशात दुसऱ्या बाकावर बसला होता. खांद्यावर लेफ्टनंटची पट्टी, मांडीवर टोपी, पाठ ताठ. म्हाताऱ्या बायका पाणी प्यायच्या निमित्ताने उठत होत्या आणि मुद्दाम त्याच्या बाजूने जात होत्या. एकीने तर जाताजाता त्याच्या बाहीचं कापड चिमटीत धरून पाहिलं आणि शेजारणीला सांगितलं, "खरं आहे गं."

हेस्टर मुलाच्या शेजारी बसली होती. तिने आज जांभळी टोपी घातली होती, जी ती फक्त लग्नांना घालत असे. स्पेनशी चाललेल्या युद्धात, क्यूबातल्या सान्तियागोच्या टेकडीवर आपले काळे घोडेस्वार चढले, ही बातमी येऊन पंधरवडाही झाला नव्हता. गोऱ्यांच्या वर्तमानपत्रांनी ती आतल्या पानावर छापली होती, पण स्वेन्स लँडिंग गावात काळ्यांच्या प्रत्येक घरात ते आतलं पान कापून भिंतीला लावलेलं होतं. आणि आता त्याच सैन्याचा एक अधिकारी, तिच्या पोटचा, चर्चमध्ये बसून भजन म्हणत होता, थोडं बेसूरच.

तिचं मन मात्र अर्धं घरी होतं. नवऱ्याच्या खोलीतल्या मेजावर शुक्रवारपासून पडलेल्या त्या पत्रापाशी.

सकाळीच तिने तिघांना बजावलं होतं. नवरा टोबायस, मुलगी कॉर्नेलिया आणि दीर एनॉक. "जेवण होईपर्यंत त्या पत्राचं नाव कुणी काढायचं नाही. पोरगं छावणीत वाळू कालवलेलं अन्न खाऊन आलंय. आधी त्याचं पोट भरू दे, मग डोकं फिरवा."

टोबायसने मान डोलावली होती. राज्याच्या सिनेटमध्ये भल्याभल्यांना गप्प करणारा हा माणूस घरात मात्र हेस्टरने सांगितलेलं ऐकत असे. ती त्याला लग्नाच्या दिवसापासून 'मिस्टर टिलरी' म्हणत आली होती. गावातले गोरे त्याला टोबायस म्हणत, काही जण नुसतंच 'अरे' म्हणत. निदान एका तोंडातून तरी त्याला दिवसभर त्याचा मान मिळावा, असं तिने तरुणपणीच ठरवून टाकलं होतं.

जेवणाला तळलेली कोंबडी होती, लोण्यातल्या शेंगा, मक्याची भाकरी आणि पीचचं गोड. एनॉकने सवयीप्रमाणे बोलायचा मक्ता घेतला.

"लेफ्टनंटसाहेब, ही तंगडी घ्या. सरकार देणार नाही."

"तंगडी तुम्हीच घ्या काका," अँब्रोज हसला. "मी आता छातीचा तुकडा घेईन म्हणतो. कॅप्टनला तोच शोभतो."

चमचे थांबले.

"कॅप्टन?" कॉर्नेलियाने विचारलं.

"अजून कागद हातात आलेला नाही. पण आमच्या कंपनीचे कॅप्टन आजारी होऊन घरी गेले. कर्नलसाहेबांनी त्यांच्या जागी माझं नाव राजधानीला पाठवलंय. कचेरीतल्या कारकुनाने मला मसुदा दाखवला." अँब्रोज वडलांकडे वळला. आता त्याचा आवाज जरा खाली आला. "बाबा, तुम्हाला मीच सांगायचं असं ठरवलं होतं. पत्रात लिहिलं नाही."

टोबायस टिलरीने पेल्यातलं ताक संपवलं. पेला खाली ठेवला. हेस्टरने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला कळलं की तिचा हुकूम आता मोडणार.

"शाब्बास," टोबायस म्हणाला. पण तो शब्द असा बाहेर आला की अँब्रोजचं हसू अर्ध्यावरच राहिलं.

"काय झालं?" अँब्रोजने सगळ्यांकडे पाहिलं. "कुणी मेलंय का?"

"अजून नाही," एनॉक म्हणाला. "टोबी, दाखव त्याला पत्र. आता लपवून काय उपयोग?"

*

अँब्रोजने पत्र उभ्यानेच वाचलं. लिहिणारा हॉबर्ट क्रिल. जिल्ह्यातल्या रिपब्लिकन पक्षाचा अध्यक्ष, लाकडाच्या वखारीचा मालक. अँब्रोज लहान असताना हा क्रिल दर निवडणुकीला याच ओसरीवर येऊन लिंबूपाणी प्यायचा आणि 'आपला पक्ष, आपला पक्ष' करायचा.

'प्रिय टोबायस,' असं पत्र सुरू होत होतं. युद्धाच्या काळात सर्वांनी एकदिलाने वागावं. डेमोक्रॅट लोक गावोगाव ओरडत सुटलेत की पॉप्युलिस्ट या शेतकऱ्यांच्या पक्षाशी आपली युती म्हणजे काळ्यांचं राज्य. त्या ओरड्याला उत्तर म्हणून पक्षाला असं वाटतं, की यंदा सिनेटच्या जागेवर पॉप्युलिस्टांचा डफी नावाचा शेतकरी उभा राहावा. तो गोरा आहे, लोकांना चालेल. टोबायसने मंगळवारच्या, उमेदवार ठरवायच्या पक्षाच्या अधिवेशनापूर्वी आपलं नाव मागे घेत असल्याचं जाहीर पत्र द्यावं. मोबदल्यात पक्ष कृतघ्न राहणार नाही. एनॉकचं नाव पोस्टमास्तरच्या जागेसाठी पुढे केलं जाईल. आणि 'तुझ्या मुलाच्या कॅप्टनपदाबद्दल राजधानीत शब्द टाकायला मला आनंद वाटेल. तो शब्द न पडल्यास काय होईल, हे सांगणं कठीण.'

अँब्रोजने शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. कान तापल्यासारखे झाले. छावणीत येताजाता स्टेशनवरचे गोरे त्यांच्या टोप्या बघून थुंकत असत. त्याची सवय झाली होती. याची मात्र सवय नव्हती.

"कर्नलसाहेबांनी आधीच नाव पाठवलंय," तो म्हणाला. "याचा संबंध काय?"

"संबंध लावलाय ना," कॉर्नेलिया म्हणाली. "कुठूनतरी याच्या कानावर आलं असणार. आपल्याच झाडाचे पीच टोपलीत घालून आपल्याच दारात विकायला आलाय."

"हो, पण झाडाला काठी मारायची ताकद आहे त्याच्यात," एनॉक म्हणाला. "कॉर्नी, तू शाळेत शिकवतेस म्हणून सगळं जग फळ्यावर लिहिता येतं असं नाही. कागदावर सही राजधानीत होते. राजधानी क्रिलचं ऐकते."

"म्हणजे काका, तुम्हाला बाबांनी माघार घ्यावी असं वाटतं?"

"मला वाटतं म्हणजे?" एनॉकने रुमाल टेबलावर टाकला. "मी रोज सकाळी गोऱ्यांची दाढी करतो, पोरी. माझ्या दुकानात आपला एक माणूस येऊ शकत नाही, माझा सख्खा भाऊ येऊ शकत नाही, कारण आला तर गिऱ्हाईक जातं. वस्तरा माझ्या हातात, गळा त्यांचा, आणि मान मात्र माझीच वाकलेली. ते साबणाखालून काय बोलतात ते मी ऐकतो. यंदा ते मतं मोजायची वाट बघणार नाहीत. बंदुका आणवल्यात त्यांनी, रेल्वेने, पेट्याच्या पेट्या. मग हातात येतंय ते का सोडायचं? एक कॅप्टन. एक पोस्टमास्तर. आणि टोबी जिवंत."

"शेवटचं आधी म्हणायचं होतंत भावजी," हेस्टर म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती भांडी गोळा करत होती.

"मला सिनेटर नको, कॅप्टनही नको. गेल्या महिन्यात आपल्या वीटभट्टीवरचा कंदील गोळी घालून कुणी फोडला? मिस्टर टिलरी त्या कंदिलापासून दोन हातांवर उभे होते. मला माझी माणसं जेवायला टेबलावर हवीत. एवढंच."

"आई!" कॉर्नेलिया म्हणाली.

"आई काय? माझ्या आईला लिलावात विकलं होतं, तेव्हा तिच्या अंगावर माझा एक भाऊ होता. तो खाली उतरवून घेतला आणि मग बोली लावली. त्या घरातून मी इथवर आले. मला माणसं मोजायची सवय आहे."

अँब्रोजने वडलांकडे पाहिलं. ते काहीतरी म्हणतील, हात आपटतील, सभागृहात बोलतात तसं बोलतील, अशी त्याची खात्री होती.

टोबायस उठला. "कॉर्नेलिया, खोलीत ये," तो म्हणाला. "पत्र टाइप करायचंय."

*

वडलांची खोली म्हणजे खरं तर कॉर्नेलियाचीच खोली होती. टोबायस टिलरीचं अक्षर विटा रचल्यासारखं होतं, ठसठशीत आणि मंद. म्हणून चार वर्षं त्याची पत्रं तीच लिहीत होती. तो येरझारा घालत बोलायचा, ती टाइपरायटरवर बसायची. वॉशिंग्टनला पत्रं, राजधानीला पत्रं, विधवांच्या पेन्शनसाठी पत्रं, पुलासाठी, शाळेच्या छपरासाठी. भिंतीलगतच्या खोक्यांमध्ये उत्तरांचे गठ्ठे होते. कित्येक पत्रांना उत्तरच नव्हतं. त्यांच्या नकला वेगळ्या खोक्यात होत्या, आणि ते खोकं सगळ्यांत मोठं होतं.

आज टोबायस येरझारा घालत नव्हता. तो खुर्चीवर बसला आणि खिशातून हाताने लिहिलेला कागद काढून त्याने तिच्यापुढे ठेवला.

कॉर्नेलियाने पहिली ओळ वाचली. 'पक्षाच्या ऐक्यासाठी आणि देशावर आलेल्या युद्धाच्या प्रसंगी मी माझं नाव...'

"हे तुम्ही लिहिलंत?"

"अक्षर ओळखत नाहीस?"

"अक्षर ओळखते. माणूस ओळखत नाही."

"जीभ सांभाळ." पण त्याच्या आवाजात जोर नव्हता. "ऐक. मी चार वर्षं त्या सभागृहात बसलो. काय आणलं? एक पूल. एक शाळा, तीही अर्धी. सिनेटर निवडणुकीबरोबर येतो आणि जातो. कॅप्टनला मेल्यावरसुद्धा लोक कॅप्टन म्हणतात. त्याच्या नातवाला सांगतात, तुझा आजा कॅप्टन होता. हे माझ्या हातून माझ्या पोराला मिळत असेल, तर खुर्ची काय मोठीशी?"

कॉर्नेलियाला रडू येईल असं वाटलं, म्हणून ती उठली आणि तिने खोक्यातून एक नक्कल काढली. शोधावी लागली नाही. ती कुठे आहे हे तिला नेमकं ठाऊक होतं, कारण तिने लिहिलेल्या सगळ्या पत्रांत तिला तेच सर्वांत आवडत होतं.

"हे वसंतातलं. युद्ध सुरू झालं आणि गव्हर्नरांनी काळ्यांची पलटण उभी करू म्हटलं, तेव्हाचं. तुम्ही बोललात, मी लिहिलं. वाचू?"

"मला पाठ आहे."

"तरी वाचते. 'आमची मुलं शिपाई म्हणून हवीत आणि अधिकारी मात्र दुसऱ्यांचे, असलं सैन्य हा जिल्हा देणार नाही. अधिकार लायकीवर द्यावा. भीक म्हणून दिलेला आम्ही घेणार नाही आणि बक्षीस म्हणून दिलेला तर मुळीच नाही.' बाबा, या पत्रामुळे आज त्या पलटणीत वरपासून खालपर्यंत सगळे अधिकारी आपले आहेत. एकट्या तुमच्या पत्रामुळे नाही, पण तुमच्याही. आता हा दुसरा कागद बाहेर गेला, तर डेमोक्रॅटांची वर्तमानपत्रं दोन्ही शेजारी-शेजारी छापतील. मग एकटा अँब्रोजच नाही, तिथला प्रत्येक लेफ्टनंट, प्रत्येक कॅप्टन विकत घेतलेला ठरेल."

टोबायसने डोळे मिटले.

"मी हे टाइप करणार नाही," ती म्हणाली. "तुम्हाला दुसरी टाइपिस्ट बघावी लागेल. गावात दुसरी नाही."

"दुसरा आहे," दारातून आवाज आला. अँब्रोज कधीपासून उभा होता कोण जाणे. "पण तोही करणार नाही."

तो आत आला. गणवेशामुळे ती लहान खोली भरून गेल्यासारखी वाटली.

"तुम्ही हे माझ्यासाठी करत होतात," तो वडलांना म्हणाला, "आणि मला विचारलंत का?"

"बापाने विचारायचं असतं?"

"छावणीत मी असतो, तुम्ही नसता. माझ्या कंपनीत लाकूडतोडे आहेत, मासेमार आहेत, एक जण तर तुमच्या भट्टीवर माती मळायचा. ते मला सलाम करतात. का करतात? त्यांना वाटतं, याने ही पट्टी कमावली. उद्या कळलं की बापाची खुर्ची देऊन आणली, तर ते पट्टीला सलाम करतील. मला नाही." तो वडलांच्या समोर येऊन उभा राहिला. "मला कॅप्टन व्हायचंय बाबा. खोटं कशाला बोलू? कारकुनाने मसुदा दाखवला त्या रात्री मला झोप आली नाही. पण असं नको."

टोबायसने मुलाकडे पाहिलं. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. कॉर्नेलियाने वडलांना असं क्वचितच पाहिलं होतं. वाद हरून खूश झालेला माणूस.

"तुला ठाऊक आहे ना," तो म्हणाला, "नोव्हेंबरात मी हरणार. एनॉक खरं बोलतो. पेट्या बदलतील, माणसांना मतपेटीपर्यंत जाऊ देणार नाहीत."

"मग हरा."

"हं." टोबायसने आपल्या हाताने लिहिलेला कागद उचलला आणि शांतपणे चार तुकडे केले. "हरवायचं असेल तर त्यांना इथे येऊन हरवावं लागेल. मी पराभव घरपोच पाठवणार नाही."

त्याच वेळी बाहेर बग्गीची चाकं वाजली.

*

एनॉक ओसरीवर एकटाच बसला होता, म्हणून क्रिलला आधी तोच भेटला. क्रिल वर आला, न विचारता झुलत्या खुर्चीत बसला आणि टोपीने वारा घेऊ लागला. एनॉक उभाच राहिला. रोज सकाळी हा गळा त्याच्या समोर असायचा. हनुवटीखालची चामखीळ कुठे आहे, हे डोळे मिटूनही सांगता आलं असतं.

हेस्टर दारात आली.

"आंटी, थंड पाणी मिळेल का?" क्रिल म्हणाला. काळ्या बाईला गोरे 'मिसेस' म्हणत नसत.

"मिस्टर टिलरी येताहेत," हेस्टर म्हणाली आणि दारातच थांबली. पाणी आणायला गेली नाही.

"टोबायसला घाई नाही, बसू दे त्याला," क्रिल एनॉककडे वळला. "तू शहाणा माणूस आहेस. तूच समजाव. युद्ध चालू आहे. अशा वेळी घरात फूट बरी नव्हे."

"खरं आहे," एनॉक म्हणाला. आणि त्याला ते खरंच वाटत होतं. आयुष्यभर त्याने या पक्षाचं काम केलं होतं. दलदलीतून होड्या हाकत माणसं मतदानाला आणली होती; पावसात, थंडीत. पक्ष म्हणजे देवाच्या खालोखाल, असं त्याला त्याच्या बापाने, म्हाताऱ्या मिंगोने शिकवलं होतं, कारण त्याच पक्षाने मिंगोच्या पायातली बेडी तोडली होती. आणि सौदा हा तर एनॉकचा हातखंडा. सौदा म्हटला की तो नीट ठोकून, वाजवून घ्यायचा.

"मी समजावतो त्याला," तो म्हणाला. "फक्त दोन गोष्टी पक्क्या करून द्या. यंदा डफी. पुढल्या खेपेला ही जागा परत आमची. असं लिहून द्याल?"

क्रिल हसला. "अरे, लिहून कशाला?"

"तुम्ही टोबीकडून लिहूनच मागताय ना."

"पुढचं पुढे बघू. युद्ध संपू दे."

"बरं. मग एकदिलासाठीच म्हणत असाल तर डफीला सांगा मागे हो. तोही देशभक्तच असेल. त्याच्या पोराला मिळू दे काहीतरी."

क्रिलने वारा घेणं थांबवलं. "एनॉक, तू माझा मित्र आहेस म्हणून खरं सांगतो. ही एका वर्षाची गोष्ट नाही. या राज्यात पक्षाला जगायचं असेल, तर पक्षाने जरा उजळ व्हायला हवं. तुम्ही मतं द्या. जरूर द्या. पण पुढे उभे राहू नका. मागे राहा. मागेही जागा असतेच की."

एनॉकला वाटलं, आपण ऐकलं ते चुकीचं. मग लक्षात आलं की क्रिल ते अगदी आपुलकीने बोलला होता, दाढी झाल्यावर गालावर हात फिरवत 'छान झाली' म्हणतो, त्याच आवाजात. म्हणजे सौदा नव्हताच. इतके दिवस एनॉक ज्याची किंमत ठरवत बसला होता, ती वस्तू क्रिलच्या टोपलीत नव्हतीच.

"या जिल्ह्यात पक्षाला दहा मतं पडतात," एनॉक सावकाश म्हणाला, "त्यातली आठ आमची असतात. दहातली आठ माणसं मागे उभी राहिली, मिस्टर क्रिल, तर पुढे कोण दिसतं? तुम्ही आणि डफी. दोघंच. फार उजळ दिसाल."

दारातून हेस्टरचा हसण्याचा आवाज आला. तिने तो लगेच आवरला, पण आवाज आला होता.

क्रिल उठला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "उद्या दाढीच्या वेळी बोलू. डोकं थंड झाल्यावर."

"उद्या दुकान बंद आहे. अधिवेशनाची तयारी आहे."

"आणि पोस्टाचं? ते नको?"

हवं होतं. ओसरीवर उभं राहून, सौदा बुडाल्यावरही, एनॉकला ते हवंच होतं. काउंटरच्या मागे ताठ उभं राहायचं आणि समोर येईल त्याला, काळा असो की गोरा, एकाच रांगेत उभं करायचं, हे त्याने किती वेळा मनात पाहिलं होतं.

"पत्रं आमच्या घरी येतच राहतील," तो म्हणाला. "वाटणारा कुणी का असेना."

तोवर टोबायस बाहेर आला होता. मागे अँब्रोज, कॉर्नेलिया. टोबायसने हात पुढे केला नाही. "तुमचं उत्तर उद्या सकाळी पोचेल, मिस्टर क्रिल," तो म्हणाला. "टाइप करून. आमच्याकडे तशीच पद्धत आहे."

बग्गी गेली. धूळ खाली बसेपर्यंत सगळे तिथेच उभे होते.

"भावजी," हेस्टर म्हणाली, "तुम्हाला पाणी हवंय का?"

"लिंबू घाल वहिनी. आणि तू... तुझं काय? तू तर माझ्या बाजूची होतीस."

"माझी भीती आहे तिथेच आहे," ती म्हणाली. "पण तो माणूस माझ्या खुर्चीत बसून माझ्या घरच्यांना मागे उभं राहायला सांगत होता. भीतीने मी आजवर पुष्कळ केलंय. हे नाही करणार."

मग सगळे खोलीत गेले. एवढी माणसं तिथे पूर्वी कधी मावली नव्हती. टोबायस येरझारा घालू लागला. अँब्रोजला त्यासाठी खिडकीत बसावं लागलं. सगळेच मध्ये मध्ये बोलत होते. एनॉकला 'बेइमान' शब्द घालायचा होता, कॉर्नेलियाने तो घातला नाही. शेवटी जे पत्र झालं ते असं:

'श्री. हॉबर्ट क्रिल, अध्यक्ष, यांस. महोदय, आपलं पत्र मिळालं. माझ्या मुलाला जे मिळायचं ते त्याच्या कर्नलच्या शब्दावर मिळेल, आणि न मिळाल्यास तो लेफ्टनंट म्हणूनही या घराला पुरेसा आहे. माझ्या भावाने त्याचं म्हणणं समक्ष कळवलं आहे. सिनेटची जागा माझी नव्हे. ज्यांनी दिली त्यांची आहे. दुसऱ्याची वस्तू मला विकता येत नाही. मंगळवारी मी त्यांच्यापुढे उभा राहणार आहे. यापुढे मला लिहिताना माझ्या नावाआधी 'मिस्टर' लिहावं. टी. टिलरी, सिनेटर.'

"सिनेटर शेवटी कशाला?" एनॉक म्हणाला. "शोभेला?"

"अजून आहे मी," टोबायस म्हणाला. "जानेवारीपर्यंत आहे."

*

सोमवारी अँब्रोज छावणीत परतला. स्टेशनवर निरोपाला इतकी माणसं आली की गार्डने वैतागून दोनदा शिट्टी मारली. कॅप्टनपदाचा कागद त्या उन्हाळ्यात आला नाही, नंतरही आला नाही. ती जागा दुसऱ्या कंपनीतल्या एकाला मिळाली. अँब्रोजने घरी लिहिलं की तो माणूस चांगला आहे आणि मी त्याला मनापासून सलाम करतो. हेस्टरने ते पत्र वाचलं आणि सगळ्यांकडे पाठ करून ती चुलीतली लाकडं सारू लागली.

मंगळवारी अधिवेशन कोर्टात भरायचं होतं, पण कोर्टाच्या दाराला कुलूप होतं. किल्ली हरवली आहे, असं क्रिलचा कारकून पायऱ्यांवर बसून प्रत्येकाला सांगत होता. क्रिल आणि डफीची मंडळी म्हणे हॉटेलात जमली होती. तिथे काळ्या माणसाला मागच्या दारानेच आत जाता येई.

पण गावोगावचे प्रतिनिधी आले होते. खेचरांच्या गाड्यांतून, होड्यांतून, काही जण पहाटेपासून चालत. तंबाखूची पानं तोडायचे दिवस. कितीकांच्या हातांवर अजून काळा चीक होता. कोर्टाच्या अंगणात ओकच्या झाडांखाली ते उभे राहिले, आणि कुंपणाच्या कडेने त्यांच्या बायका.

हेस्टर कधी राजकारणाच्या सभेला गेली नव्हती. आज ती जांभळी टोपी घालून आली होती. रस्त्यापलीकडे काही गोरे घोड्यांवर बसून बघत होते. त्यांच्यातल्या दोघांच्या मांडीवर बंदुका आडव्या होत्या. तिने ते पाहिलं. ती हलली नाही.

एनॉक एका गाडीवर चढला. त्याचं दुकान कालपासून बंद होतं, आणि उद्या उघडलं तरी कुणी गोरं गिऱ्हाईक येणार नव्हतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. तरी त्याने आपला उत्तम कोट घातला होता. त्याने एकेका गावाचं नाव पुकारलं. प्रत्येक नावाला खालून आवाज आला, 'हजर.' नावं संपली तेव्हा एकही गाव सुटलेलं नव्हतं.

"या जागेसाठी मी एका माणसाचं नाव सुचवतो," एनॉक म्हणाला. आज त्याने काही पाठ केलं नव्हतं. इतकी वर्षं तो दुसऱ्यांसाठी भाषणं पाठ करून येत असे. "तो माझा भाऊ आहे. तुम्ही त्याला ओळखता. त्याला विकत घ्यायला आले होते. मला पण आले होते." तो थांबला. "मी जवळजवळ गेलोच होतो. तो गेला नाही."

टोबायस गाडीखाली उभा होता, टोपी हातात. त्याने मान वर करून भावाकडे पाहिलं. फाडलेल्या कागदाचं त्याने आजवर त्याला सांगितलं नव्हतं. "एनॉक," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "मीही जवळजवळ गेलो होतो. माझ्या पोरांनी ओढून आणलं."

अंगणात हशा पिकला. मोठा, सैल हशा. रस्त्यापलीकडचे घोडे कान टवकारून बघू लागले.

"टोबायस टिलरींच्या बाजूने असतील त्यांनी हो म्हणा!" एनॉक ओरडला.

हो आलं. झाडांवरचे पक्षी उडाले. आणि त्या आवाजात कुंपणाच्या कडेचे आवाज मिसळलेले होते, बारीक, उंच, कितीतरी; आणि त्यातला एक, अगदी पुढचा, एनॉकच्या ओळखीचा, वहिनीचा होता.

एनॉकने हात वर केला. गाडीच्या दांडीवर कागद ठेवून कॉर्नेलिया सभेची नोंद करत होती. तिने मान वर केली.

"बायकांची मतं धरता येत नाहीत," एनॉक म्हणाला. "कायदा आहे." त्याने कुंपणाकडे पाहिलं, जांभळ्या टोपीकडे, रस्त्यापलीकडच्या बंदुकांकडे, आणि परत टोपीकडे. "पण कॉर्नी, लिही. ऐकू आली, असं लिही."